पार्श्वभूमी : सीसी नसलेला चेनसॉ स्पर्धेत कुठे बसवायचा?

पुणेकरांना चेनसॉ ठाऊक आहे तो पावसाळ्यातल्या झाडपडीमुळे. रस्त्यावर झाड आडवं झालं की अग्निशमन दलाचे जवान तो चालू करतात आणि अर्ध्या पेठेला आवाज जातो. याच यंत्राने ओंडका कोण लवकर कापतो, याच्या जागतिक स्पर्धा होतात. तिथे बॅटरीवरचा चेनसॉ कसा आणायचा, हा नियमांमधला सगळ्यांत अवघड प्रश्न आहे.

विजेवरचा चेनसॉ काही नवा नाही. 1926 मध्ये जर्मनीत तयार झालेला असा एक सॉ दोघांनी मिळून उचलावा लागे. जंगलात वीज नव्हती, म्हणून 1929 पर्यंत पेट्रोलचा सॉ आला आणि पुढची ऐंशीएक वर्षं त्याचीच झाली. लाकूडतोडीच्या स्पर्धा याहून जुन्या. टास्मानियात 1891 मध्येच कुऱ्हाडीची जागतिक म्हणवली जाणारी स्पर्धा झाली होती. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या मालिकेत कुऱ्हाड, करवत आणि चेनसॉ एकत्र आले.

चेनसॉचे तिथे दोन प्रकार आहेत. स्टॉक सॉमध्ये सगळ्यांना एकाच मॉडेलचं यंत्र मिळतं : 91 सीसी, सुमारे 5.4 किलोवॅट. 40 सेंमी व्यासाच्या ओंडक्यातून दोन चकत्या काढायच्या, एक वरून खाली, दुसरी खालून वर. हॉट सॉमध्ये मोटरसायकलचं नाहीतर बर्फावरच्या गाडीचं एक सिलिंडरचं इंजिन बसवलेलं, पंचवीस किलोंच्या वर वजनाचं यंत्र घेऊन 46 सेंमीच्या ओंडक्याच्या तीन चकत्या पाडायच्या.

बॅटरी पुरणार नाही, हा आक्षेप पहिला येतो आणि तोच सगळ्यांत कच्चा आहे. 3 किलोवॅटने दहा सेकंद कापलं तर साधारण 8 वॅट-तास खर्च होतात. 36 व्होल्ट, 9 अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वातीनशेच्या आसपास असतात. दिवसभर फांद्या तोडणाऱ्याची अडचण स्पर्धकाला नाहीच. त्याचा प्रश्न वेगळा : त्या दहा सेकंदांत बॅटरी किती करंट सोडू शकते?

खरा पेच सीसीचा आहे. इंजिनाचे गट सीसीवर पडतात आणि मोटरला सीसी नसतात. पुण्याने हे दुचाकींच्या बाबतीत पाहिलंय. पेट्रोलला 50 सीसीची रेघ होती. विजेच्या गाड्या आल्यावर 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटर अशी नवी रेघ आखावी लागली. मग चेनसॉचेही किलोवॅट मोजा, असं कोणी म्हणेल. पण विजेची मोटर सतत जितकी शक्ती देते, त्याच्या बरीच वर काही सेकंद जाऊ शकते. तापेपर्यंत तिला अडवणारं काही नसतं. स्पर्धा तेवढ्यात संपलेली असते. म्हणजे यंत्रावर छापलेला आकडा इथे कामाचा नाही.

त्यात सुरुवातीचा नियम. हॉट सॉ बंद ठेवून, हात ओंडक्यावर ठेवून उभं राहायचं आणि इशारा झाल्यावर दोरी खेचून तो चालू करायचा. तापलेलं, हट्टी इंजिन एका झटक्यात पेटवणं हे त्यातलं मोठं कसब. बॅटरीवर ते फक्त बटण दाबणं उरतं. कारागिरीचा एवढा भाग नाहीसा करून दोन्ही यंत्रांचे सेकंद एकाच तक्त्यात लिहिणं अन्याय ठरेल.

म्हणून मला स्वतंत्र बॅटरी गटच योग्य वाटतो, तोही स्टॉक सॉसारखा, सगळ्यांना सारखं यंत्र देऊन. बॅटरी मात्र संयोजकांनीच प्रत्येक फेरीला पूर्ण चार्ज केलेली द्यायला हवी. 36 व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी भरलेली असताना 42 पर्यंत असते, वापरता वापरता खाली येते. थंडीत तर आणखी मंदावते.

या चर्चेत कॅलिफोर्नियाचा 2021 चा कायदा हमखास निघतो. 2024 पासून तिथे लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांवर बंधनं आली. मात्र 45 सीसी आणि त्यावरचे चेनसॉ त्यातून वगळलेले आहेत, म्हणजे स्पर्धेतला 91 सीसीचा सॉ बाहेरच राहतो. कायद्याने हात बांधले, असं कोणत्याही संयोजकाला म्हणता येणार नाही. आणि पुण्यात कधी अशी स्पर्धा घ्यायचं ठरलंच, तर बॅटरी गटापासून सुरुवात करावी. वस्तीजवळच्या मैदानात धूर आणि आवाज या दोन्ही तक्रारींना त्यात फारशी जागा राहत नाही.