८०० फूट, ४२ सेकंद आणि एक कच्चं अंडं

अंडं नुसतं वाचवायचं असेल तर ते फार अवघड नाही. भरपूर फोम गुंडाळा, ऐसपैस पॅराशूट लावा, वारा पडलेला दिवस बघून रॉकेट सोडा. अंडं सुखरूप खाली येईल. अमेरिकेतल्या ‘द अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज’ या स्पर्धेत मात्र तेवढ्यावर भागत नाही. सहावी ते बारावीतल्या तीन ते दहा मुलांनी मिळून रॉकेट बनवायचं, त्यात कोंबडीचं एक कच्चं अंडं ठेवायचं, ते ठरलेल्या उंचीपर्यंत न्यायचं आणि ठरलेल्या वेळात जमिनीवर आणायचं. २०१८ सालची अट होती ८०० फूट आणि ४१ ते ४३ सेकंद. उंची एका फुटाने चुकली, वर असो वा खाली, की एक गुण दंड. वेळ चुकली तर सेकंदाला चार गुण. ज्याचा दंड सगळ्यात कमी तो जिंकला. आणि अंड्याला तडा गेला तर उड्डाणच बाद.

समजा रॉकेट ८०६ फुटांवर गेलं आणि ४४.५ सेकंदांनी उतरलं. उंचीचे सहा, वेळेचे दीड गुणिले चार म्हणजे सहा, एकूण बारा. ऐकायला हे उत्तम वाटतं, पण पहिल्या क्रमांकाची स्वप्नं बघणाऱ्यांना बारा गुणही परवडत नाहीत.

स्पर्धेचा जन्म २००३ चा. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला शंभर वर्षं होत होती, म्हणून तिथल्या विमान-उद्योगाच्या संघटनेने आणि हौशी रॉकेटवाल्यांच्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ने मिळून एकदाच करायचा उपक्रम ठरवला. त्या वर्षी लक्ष्य होतं दोन अंडी आणि १५०० फूट. प्रतिसाद असा मिळाला की ‘एकदाच’ हा शब्द मागे पडला. अंडं हे अंतराळवीराचं सोंग आहे, म्हणूनच अपोलो ११ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, त्या यानातल्या तिघांच्या नावाने मुलांना तीन अंडी न्यायला लावली. नियम दरवर्षी असे थोडे थोडे बदलतात. मला ही आयोजकांची सगळ्यात शहाणी युक्ती वाटते, कारण त्यामुळे गेल्या वर्षीचं जिंकलेलं रॉकेट जसंच्या तसं उचलून चालत नाही.

आता त्या २०१८ च्या अटींचं गणित बघू. सगळ्या सामानासकट रॉकेटचं वजन ६५० ग्रॅमपेक्षा जास्त नको. मोटर, म्हणजे इंधन भरलेली नळी, बाजारातली तयारच घ्यायची आणि तिचा एकूण आवेग, म्हणजे जळून संपेपर्यंत ती देते तो सगळा रेटा, ८० न्यूटन-सेकंदांच्या आत हवा. अंडं ५५ ते ६१ ग्रॅमचं. असं रॉकेट ८०० फुटांवर, म्हणजे सुमारे २४४ मीटरवर, साधारण सात सेकंदांत पोहोचतं. मोटर जळते त्यातले सुरुवातीचे एक-दोन सेकंद. उरलेला प्रवास नुसत्या मिळालेल्या वेगावर होतो. एकूण ४२ सेकंद हवेत राहायचं तर उतरायला ३५ उरले. २४४ मीटर ३५ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सात मीटर.

खरी मेख इथे आहे. सेकंदाला सात मीटर हा ताशी २५ किलोमीटरचा वेग. एखादी वस्तू अडीच मीटरवरून हातातून सुटली तर जमिनीला टेकताना तिचा वेग एवढाच असतो. थोडक्यात, स्पर्धा मुलांना सांगते की अंडं खोलीच्या छताजवळून खाली टाका आणि फुटू देऊ नका. पॅराशूट मोठं करून वेग कमी करावा तर वेळ वाढते आणि दंड बसतो. वेळ पाळावी तर आदळणं आलंच.

मग अंड्याला थांबायला किती जागा मिळते, यावर सगळं येऊन ठेपतं. सात मीटर वेगाचं अंडं दोन सेंटिमीटरात थांबवलं तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सव्वाशे पट मंदन सोसावं लागतं. साठ ग्रॅमच्या अंड्यावर ७० न्यूटनच्या वर बल येतं. तेच पाच सेंटिमीटरात थांबवलं तर बल तिसेक न्यूटनवर उतरतं. फोमचं दुसरं काम म्हणजे हे बल एका बिंदूवर न येऊ देता कवचाच्या मोठ्या भागावर पसरवणं. पण पाच सेंटिमीटर जाडीचा फोम पूर्ण पाच सेंटिमीटर दबत नाही. फार मऊ घेतला तर तो चटकन तळाला टेकतो आणि उरलेला धक्का थेट अंड्याला बसतो. फार कडक घेतला तर दबतच नाही. त्यामुळे मुलं गादीचा, पॅकिंगचा, पाइपांवर चढवतात तो असे निरनिराळे फोम आणून, अंडी जिन्यावरून टाकून बघतात. या टप्प्यावर घरातल्या अंड्यांचा खप बराच वाढतो.

अंडं उभं ठेवायचं की आडवं? बहुतेकांचं ठाम मत असतं की उभं, कारण टोकाकडची कमान मजबूत. २०२५ मध्ये एमआयटीतल्या ताल कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मत तपासून पाहिलं. १८० अंडी त्यांनी अगदी थोड्या उंचीवरून, आठ ते दहा मिलिमीटरवरून, टाकली. आठ मिलिमीटरवरून उभ्या पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त फुटली, आडव्यांपैकी दहा टक्केसुद्धा नाहीत. हळूहळू दाबून पाहिलं तेव्हा मात्र दोन्हींना तडा जायला बल जवळपास सारखंच लागलं, सुमारे ४५ न्यूटन. फरक पडला तो दबण्यात. आडवं अंडं फुटण्याआधी जास्त दबतं आणि त्यामुळे सुमारे तीस टक्के जास्त ऊर्जा पचवतं. उभं अंडं ताठ असतं, आणि आपण ताठपणालाच ताकद समजून बसतो.

म्हणजे रॉकेटमध्ये अंडं आडवंच ठेवावं? तिथे रॉकेट आडवं येतं. अंड्याची जाडी ४५ मिलिमीटरच्या आसपास, लांबी ५५ ते ६०. आडवं ठेवायचं तर नळी तितकी रुंद हवी, आणि रुंदी पावपट वाढली की समोरून वारा अडवणारं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. तेवढा हवेचा विरोध वाढला की मोटर कमी पडू लागते. म्हणून बऱ्याच चमू अंडं उभंच ठेवतात आणि खालच्या-वरच्या टोकाला फोमची जास्त मेहनत घेतात. मला विचाराल तर हा निर्णय बरोबरच आहे. प्रयोगशाळेतलं अंडं नुसतं पडत होतं, याला आधी वर जायचंय.

अंडं बहुधा रॉकेटच्या नाकात असतं, आणि त्याचा एक फायदा आपोआप मिळतो. रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य, हवेचा दाब जिथे एकवटतो त्या दाबकेंद्राच्या पुढे हवा. दिवाळीतल्या बाणाला बांबूची लांब काडी लावतात ती याच कारणासाठी. इथे काडीचं काम शेपटाकडचे पंख करतात. नाकातलं अंडं गुरुत्वमध्य पुढे ओढतं. दोन्ही बिंदूंत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर असावं असा प्रघात आहे. फार जास्त अंतरही बरं नाही, तसं रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवतं, तिरकं जातं आणि उंची गमावतं. दाबकेंद्र काढायची समीकरणं नासातले अभियंता जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात हौशी रॉकेटवाल्यांना सोपी करून दिली. आज ती ‘ओपनरॉकेट’ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत बसलेली आहेत. ती प्रणाली साम्पो निस्कानेन या फिनलंडच्या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी लिहिली.

पण संगणकाला सगळं कळत नाही. पॅराशूट घ्या. अर्ध्या किलोच्या वजनाला सेकंदाला सात मीटर वेगाने उतरवायला साधारण ५० सेंटिमीटर व्यासाचं पॅराशूट लागतं. व्यास एक सेंटिमीटरने बदलला तर उतरायची वेळ दोन टक्के, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आसपास बदलते. चार गुणांच्या हिशेबाने जवळजवळ तीन गुण. म्हणून मुलं एकच पॅराशूट ठेवून त्याच्या दोऱ्या गाठी मारून आखूड करतात किंवा मधलं भोक थोडं मोठं करतात. घडी घालताना कापडाला टाल्कम पावडर चोळतात, नाहीतर थंडीत थर एकमेकांना चिकटतात आणि पॅराशूट गुंडाळीसारखं खाली येतं. खाली अग्निरोधक कागदाचे बोळे किंवा कापड घालतात, कारण पॅराशूट बाहेर फेकायला मोटरमधलाच एक छोटा बार उडतो आणि त्याचा वायू चांगलाच गरम असतो.

त्या बाराची वेळ साधणं हे सगळ्यात नाजूक काम. तो शिखरावर उडाला तर रॉकेट जवळपास थांबलेलं असतं आणि पॅराशूट अलगद उघडतं. दोन सेकंद उशिरा उडाला तर रॉकेट सेकंदाला वीसेक मीटर वेगाने खाली येत असतं. तेव्हाची ऊर्जा सात मीटर वेगाच्या आठपट. पॅराशूटची दोरी रॉकेटच्या कागदी नळीला चिरत जाते, आणि अंडं जमिनीवर नाही, तर आकाशातच फुटतं. मोटर जळून गेल्यावर बार उडेपर्यंतचा उशीर ठरवणारा एक रसायनाचा तुकडा आत असतो. तो खास अवजाराने कोरून सेकंदा-दोन सेकंदांचा फरक करता येतो.

उंची मोजतो तो बोटाएवढा अल्टिमीटर, आणि तो मोजतो हवेचा दाब. जमिनीजवळ एक फूट वर गेलं की दाब साडेतीन पास्कलच्या आसपास घटतो. एकूण दाब एक लाख पास्कल. एवढा बारीक फरक टिपायचा तर नळीला बाहेरची हवा आत घेणारी भोकं हवीत, तीही गुळगुळीत काठाची आणि नाकाच्या वळणापासून दूर. भोकाशी वारा घोटाळला किंवा त्या बाराचा वायू आत शिरला की यंत्र भलतीच उंची सांगतं, आणि दंड त्याच आकड्यावर बसतो.

उरला तो हवामानाचा खोडा. सकाळी १० अंश आणि दुपारी ३० अंश असतील तर दुपारची हवा सात टक्क्यांनी विरळ असते. विरोध कमी, म्हणून तेच रॉकेट उंच जातं. उतरताना विरळ हवेत पॅराशूट थोडं जोरात येतं, पण तापलेल्या मैदानावरून वर उठणाऱ्या हवेत सापडलं तर उलट लोंबकळत राहतं. म्हणून प्रत्येक सरावाच्या उड्डाणाला चमूच्या वहीत तापमान, वारा, वजन, उंची, वेळ अशी ओळ भरली जाते. चांगल्या चमू पुढे त्या वहीवरच जिंकतात. मोटरीही कारखान्याच्या एकाच खेपेतल्या घेऊन ठेवतात, कारण दोन खेपांतला फरक काही फुटांत दिसतो.

निवड झालेले शंभर चमू मे महिन्यात वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या ‘द प्लेन्स’ गावी ग्रेट मेडो मैदानावर जमतात. पहिल्या उड्डाणात वरचे राहिले त्यांनाच दुसरं उड्डाण मिळतं, आणि दोन्हींना वेगवेगळी उंची. विजेते मग पॅरिसच्या किंवा फार्नबरोच्या हवाई प्रदर्शनात ब्रिटन, फ्रान्स, जपानच्या मुलांशी लढायला जातात.

आणि त्या दिवशी अंडं घरून आणायचं नसतं, ते आयोजक देतात. ५५ ग्रॅमचं येईल की ६१ चं, ते हातात पडल्यावर कळतं. सहा ग्रॅम म्हणजे काही फुटांचा फरक. म्हणून प्रत्येक चमूच्या टेबलावर छोटा वजनकाटा असतो आणि शेजारी मातीच्या गोळ्या किंवा वायसर. अंडं तोलायचं, दुपारचं तापमान बघायचं, वहीतली त्यातल्या त्यात जवळची ओळ शोधायची आणि तेवढं वजन नाकात घालायचं किंवा काढायचं. मग बाकी सगळं त्या मोटरवर.