सहल आणि क्षेत्रभेट: एका रेघेने जोडलेल्या दोन वेगळ्या गोष्टी

डिसेंबर उजाडला की मुंबईतल्या शाळांमधून घरोघरी चिठ्ठ्या जाऊ लागतात. वर 'शैक्षणिक सहल / क्षेत्रभेट' असा मथळा असतो, खाली ठिकाण, तारीख, भरायची रक्कम आणि पालकांच्या सहीसाठी मोकळी जागा. मथळ्यातल्या त्या तिरप्या रेघेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, म्हणजे मुलांना शाळेबाहेर नेणे, असे पालक धरून चालतात आणि पुष्कळदा शाळाही तसेच धरून चालतात. मी बरीच वर्षे माध्यमिक वर्गांना भूगोल शिकवला आहे. या एका रेघेमुळे काही मुलांच्या वाट्याचे शिक्षण कसे हातचे जाते, हे मी जवळून पाहिलेले असल्यामुळे या दोन गोष्टी वेगळ्या करून मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी सहल. सहलीचा हेतू आनंद हा आहे आणि त्यात उणे काहीही नाही. पहाटेच्या अंधारात शाळेच्या फाटकापाशी जमणे, खिडकीची जागा मिळवण्याची धडपड, एकमेकांच्या डब्यातले खाणे, परतीच्या वाटेवर बसमध्ये आवाज बसेपर्यंत म्हटलेली गाणी, हे सारे मूल जन्मभर जपते. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाने रायगडाच्या टकमक टोकावरून खाली पसरलेले खोरे पहिल्यांदा पाहणे ही लहान गोष्ट नाही. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते, त्यामागेही मुलांनी आपला मुलूख पाहावा हाच विचार आहे. मात्र सहल ही घेण्याची किंवा न घेण्याची गोष्ट आहे. तिचा खर्च पालकांच्या वर्गणीतून होतो, जाणे ऐच्छिक असते आणि न गेलेल्या मुलाचा आनंद बुडाला तरी धडा बुडत नाही, निदान बुडू नये.

क्षेत्रभेट हा धडाच असतो. वर्गात शिकवलेली किंवा शिकवायची असलेली एखादी गोष्ट जिथे प्रत्यक्ष घडते तिथे जाऊन ती पाहणे, मोजणे, तिथल्या माणसांना विचारणे, नोंदणे आणि परत आल्यावर त्या नोंदींवरून काही निष्कर्ष काढणे, एवढे सगळे झाले तरच तिला क्षेत्रभेट म्हणता येते. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' हा आहे. त्यात विद्यार्थी नळदुर्गहून अलिबागपर्यंत प्रवास करतात आणि वाटेत बदलत जाणारी भूरूपे, पिके आणि हवामान टिपत जातात. हा पाठ शिकवताना मुले दरवर्षी एकच शंका काढत, आणि ती रास्त होती: "बाई, ही तर सहलच झाली की!" पठारापासून समुद्रापर्यंतचा इतका लांबचा प्रवास आहे, मग तिला सहल का म्हणायचे नाही? उत्तर असे, की या दोहोंतला फरक अंतराने ठरत नाही. शाळेमागच्या नाल्यापर्यंत दहा मिनिटे चालत जाणे ही क्षेत्रभेट असू शकते, आणि दोन मुक्कामांचा दौरा निव्वळ सहल असू शकतो. निघण्यापूर्वी मुलांच्या वहीत प्रश्न लिहिलेले होते का, आणि परतल्यावर त्यांची उत्तरे शोधली गेली का, यावरून ते ठरते.

मुंबईत हा फरक एकाच ठिकाणी उभे राहून पाहता येतो. ऐरोलीला राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षाने उभारलेले किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून सुरू आहे. शेजारी ठाणे खाडी आहे, जिला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या यादीत स्थान मिळाले. एका शाळेची बस येते, मुले माहितीफलकांवरून नजर फिरवतात, बोटीत बसून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, गुलाबी थवे पाहतात, रांगेत उभी राहून फोटो काढून घेतात आणि डबे खाऊन परततात. मुले खूश असतात, आणि ही उत्तम सहल आहे. दुसरी शाळा त्याच दिवशी तिथेच येते. तिच्या मुलांना आठवडाभर आधी एवढेच विचारलेले असते, की खाऱ्या पाण्यात झाड जगते कसे? ही मुले तिवराचे पान उलटसुलट करून पाहतात, त्यावर वाळलेले मिठाचे बारीक कण बोटाने टिपून जिभेवर ठेवतात, आणि चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, झाडाला हवा पुरवणारी मुळे एका ठरावीक चौकटीत किती आहेत ते मोजतात. त्या मुलांनाही रोहित दिसतात, पण इतके पक्षी याच चिखलावर का उतरतात, हा पुढचा प्रश्न तोवर त्यांच्या मनात आपोआप उभा राहिलेला असतो. ठिकाण, झाडे, पक्षी आणि बसचे भाडेसुद्धा तेच असताना दोन्ही गट घरी वेगवेगळी शिदोरी घेऊन जातात.

तयारीतही असाच फरक पडतो. सहलीची तारीख सुट्ट्या, परीक्षा आणि बसची उपलब्धता पाहून ठरते. किनाऱ्यावरच्या क्षेत्रभेटीची तारीख मात्र पंचांग पाहून ठरवावी लागते. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना ठाऊक असलेला एक हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. सकाळच्या शाळेला हे अगदी सोयीचे पडते. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असते आणि ओहोटीला पाणी सर्वांत दूर जाते, पण ती वेळ सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि त्या दिवशी भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असल्याने पाणी फारसे मागे हटतच नाही. मी हा हिशेब मुलांकडूनच करवून घेत असे. तारीख त्यांनी ठरवायची, मग सरकारी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहायची आणि किती मिनिटांचा फरक पडला ते लिहायचे. भूगोलातला चंद्र आणि गणितातला अपूर्णांक निघण्याआधीच एका कागदावर येत, आणि माझ्या लेखी क्षेत्रभेट तिथूनच सुरू होई.

एका सकाळी आम्ही जुहूच्या वाळूवर होतो. मुलांनी सुतळीने एक मीटरचा चौकोन आखला होता आणि त्यातली खेकड्यांची बिळे मोजायचे काम चालले होते. सातवीतली एक मुलगी मोजणे सोडून गुडघ्यांवर बसून राहिली होती. प्रत्येक बिळाभोवती मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगा सूर्याच्या किरणांसारख्या पसरल्या होत्या. तिने एक गोळी चिमटीत धरली, ती लगेच विस्कटली. "ही वाळू त्याने खाल्लेली आहे की फेकलेली?" तिने विचारले. वाळूच्या कणांना चिकटलेले सूक्ष्म अन्न तेवढे चाटूनपुसून घेऊन तो इवलासा खेकडा उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो, हे मला ठाऊक होते, पण मी सांगितले नाही. तासभर तीच पाहत बसली आणि शेवटी तिच्या अहवालात ते वाक्य तिच्या शब्दांत आले: "तो वाळू धुऊन परत ठेवतो." तिच्या गटाचा बिळांचा आकडा अपुरा राहिला. मी तो तसाच स्वीकारला.

आता पैशांचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सांगतो, की ज्यामुळे मुलाच्या प्राथमिक शिक्षणात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. क्षेत्रभेट अभ्यासक्रमाचा भाग असेल तर तिचा भार शाळेने आणि सार्वजनिक निधीने उचलायला हवा, अशी माझी ठाम धारणा आहे. त्यासाठी वाटा अगदीच नाहीत असे नाही. पर्यावरण हा विषय शाळांमधून सक्तीने शिकवावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिले होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये राष्ट्रीय हरित सेना सुरू केली आणि तिच्यामार्फत शाळाशाळांत निसर्ग मंडळे उभी राहिली. समग्र शिक्षा योजनेतही सरकारी शाळांच्या इको क्लबसाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. या रकमा मोठ्या नाहीत. चारशे मुलांना घाट उतरवून कोकणात नेणे त्यात बसणार नाही. पण सुतळी, मोजपट्टी, भिंग, नोंदवह्या आणि जवळच्या ठिकाणापर्यंतचे बसभाडे एवढी क्षेत्रभेटीची खरी गरज असेल, तर तेवढ्या पैशांत पुष्कळ काही होऊ शकते. तो पैसा एका दिवसाच्या वृक्षारोपणात आणि फलकांच्या छपाईत संपतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

दोन शब्दांची सरमिसळ झाली की फटका कोणाला बसतो, हे मी एका शाळेत पाहिले. त्या वर्षी सहल एका वॉटर पार्कला गेली होती. वर्गणी बरीच होती आणि माझ्या वर्गातली अकरा मुले घरी राहिली. जानेवारीत त्याच सहलीला क्षेत्रभेट ठरवून तिचा अहवाल लिहायला सांगण्यात आले आणि त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ठेवले गेले. त्या अकरा मुलांनी मित्रांच्या वह्या आणून अहवाल उतरवून काढले. त्यांतल्या एकाने पाण्याच्या घसरगुंडीचे फार सुरेख वर्णन केले होते. ते वाचताना मला जो त्रास झाला तो आजही आठवतो. मी मुख्याध्यापकांना भेटून हे सांगितले. ऐकून घेतले गेले, बदलले मात्र काही नाही. पैसे भरू न शकलेल्या मुलाने सहलीचा आनंद गमावणे हेही दुःखदच आहे, पण त्यामुळे त्याचे गुण धोक्यात येणे हा अन्याय आहे, आणि चिठ्ठीवरच्या त्या रेघेमुळे तो कोणाला अन्याय वाटतच नाही.

मुंबईत तर या सरमिसळीला काही कारणही उरत नाही, कारण सार्वजनिक पैशांतून राखलेल्या जागा शहराच्या पोटातच आहेत. धारावीसमोर, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा एके काळी कचराभूमी होती आणि १९९४ मध्ये ती उद्यान म्हणून खुली झाली. कचऱ्यावर रान कसे उभे राहते, हा प्रश्न घेऊन धारावी-शीवच्या मुलांना तिथे चालत जाता येते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आहे आणि त्याच हद्दीत विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. आपल्या नळाला येणारे पाणी कुठून येते, या प्रश्नाची सुरुवात तिथून करता येते, आणि आज या दोन तलावांचा वाटा इतका लहान का, भातसा-वैतरणेपर्यंत शहराला का जावे लागले, इथपर्यंत तो ओढत नेता येतो. अंधेरीच्या शाळांना तर गिल्बर्ट टेकडी हाकेच्या अंतरावर आहे. काळ्या खडकाचे ते उभे खांब सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना पुस्तकातला बेसाल्ट म्हणजे हाच, हे कोणी दाखवलेले नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवसांची कल्पना आहे, तिचीही या दोघांशी गल्लत होते. त्या दिवसांचा मुख्य रोख स्थानिक कारागिरांकडे आणि व्यावसायिकांकडे जाऊन काम शिकण्यावर आहे. सुतारकाम, बागकाम किंवा कुंभारकाम शिकायला गेलेले मूल ना सहलीला गेलेले असते ना क्षेत्रभेटीला.

चिठ्ठी हातात आली की पालकांनी काय विचारावे, असे मला लोक विचारतात. माझ्या मते दोनच गोष्टी विचाराव्यात: जे मूल येऊ शकणार नाही त्याचे काय होणार, आणि याच जागी शाळा पुन्हा केव्हा जाणार? सहलीला गेल्या वर्षीचे ठिकाण यंदा चालत नाही, मुलेच कुरकुर करतात आणि त्यांचे बरोबरही असते. क्षेत्रभेटीला मात्र तीच जागा पुन्हा पाहावी लागते. आषाढात भरून वाहणारा नाला मार्चमध्ये कोरडा दिसला, की त्या दोन नोंदींच्या मधली जागा मुले आपण होऊन भरू लागतात. जुहूच्या त्या चौकोनाच्या जागी आम्ही चार तासांनी परत गेलो होतो. भरतीने सगळ्या गोळ्या पुसून टाकल्या होत्या आणि वाळू सपाट झाली होती. ती मुलगी म्हणाली, "बाई, उद्या तो परत करेल का?" दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी तिने वही उघडून दाखवली. ती वडिलांना घेऊन पुन्हा जाऊन आली होती, आणि या वेळी बिळांचा आकडा पूर्ण होता.