बत्तिसाव्या वर्षीच्या खेळाडूची किंमत कशी काढावी?

जानेवारी २०११मध्ये लॉस एंजेलिस एंजल्स या बेसबॉल संघाने टोरंटो ब्लू जेजकडून व्हर्नन वेल्स हा बत्तीस वर्षांचा आउटफिल्डर घेतला. आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात उभा राहून उंच उडालेले चेंडू झेलणारा खेळाडू. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकासारखाच, फक्त त्याने फलंदाजीतही भरघोस वाटा उचलावा अशी अपेक्षा असते. वेल्सच्या जुन्या कराराची चार वर्षे आणि ८.६ कोटी डॉलर शिल्लक होते. त्यांतले ५० लाख टोरंटोने सोसले, उरलेला सगळा भार एंजल्सने उचलला आणि वर माइक नापोली व हुआन रिवेरा हे दोन खेळाडूही देऊन टाकले. कार्ल क्रॉफर्ड हा दुसरा नामवंत आउटफिल्डर महिनाभरापूर्वीच बॉस्टनकडे गेल्यामुळे एंजल्सला घाई झाली होती, हेही विसरता येणार नाही.

असा सौदा करावा की नाही, हे ठरवण्यासाठी बेसबॉलच्या संख्याशास्त्रात एक रीत रुळली आहे. किमान वेतनावर केव्हाही मिळू शकेल अशा बदली खेळाडूपेक्षा हा खेळाडू हंगामात संघाला किती विजय जास्त मिळवून देतो, हे ती मोजते. सर्वच्या सर्व बदली खेळाडूंचा संघ उतरवला तर तो १६२ सामन्यांपैकी सुमारे ४८ सामने जिंकेल असे गृहीत धरतात, आणि साधारणपणे दहा जादा धावा म्हणजे एक जादा विजय असा हिशेब करतात. त्या सुमारास बाजारात अशा एका विजयाचा भाव ढोबळमानाने ५० लाख डॉलर धरला जात असे. एंजल्सच्या वाट्याला वर्षाला जवळपास दोन कोटी डॉलर येत होते; म्हणजे पैसे वसूल व्हायचे तर वेल्सने दरवर्षी चार आणि चार वर्षांत सोळा विजय मिळवून द्यायला हवे होते.

वेल्सचा २०१०चा हंगाम पाहिला तर हे अशक्य वाटत नव्हते, कारण त्या वर्षी त्याने ३१ होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे थेट सीमेपार जाणारे फटके, मारले होते. पण एका हंगामाच्या आकड्यांत कौशल्याबरोबर नशिबाचाही अंश असतो, आणि आकडा जितका झगमगीत तितका तो अंश मोठा असण्याची शक्यता अधिक. म्हणूनच साध्यात साध्या अंदाजपद्धतीतही सर्वांत अलीकडच्या तीन हंगामांना अनुक्रमे ५, ४ आणि ३ असे वजन देतात. वेल्सचे २०१०, २००९ आणि २००८ मधील होमरन ३१, १५ आणि २० असे होते. त्यांची भारित सरासरी २३च्या आसपास येते. तिच्यात अजून वयाची घट धरलेलीच नाही.

वयाचा मुद्दा सर्वांत कळीचा आहे. ताशी १५३ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो आणि त्यातला मोठा भाग बॅट फिरवण्यातच जातो, त्यामुळे चेंडू ओळखून निर्णय घ्यायला हाती उरतो तो क्षणाचाही अंश. बहुतेक खेळाडूंची कामगिरी २६ ते २९ या वयात शिखरावर असते. उतरण लागली की आधी धावण्याचा वेग आणि क्षेत्ररक्षण खालावते, ताकद त्यानंतर ओसरते, आणि वाईट चेंडू सोडून देण्याचा संयम सर्वांत जास्त टिकतो. ही उतरण मोजणे मात्र वाटते तितके सोपे नाही. पस्तिशीतल्या सगळ्या खेळाडूंची सरासरी काढावी तर ती फसवी चांगली दिसते, कारण त्या वयापर्यंत खेळत राहतात ते मुळातले उत्तमच. एकाच खेळाडूच्या लागोपाठच्या दोन वर्षांची तुलना करावी तर दैवाने साथ न दिलेले खेळाडू दुसऱ्या वर्षाआधीच संघाबाहेर जातात, आणि उरलेल्यांची घट प्रत्यक्षापेक्षा अधिक भासते. तरीही तिशीनंतर वर्षाला साधारण अर्धा विजय घटतो, हा ठोकताळा अनेकजण वापरतात. त्या हिशेबाने सोळा विजय गाठायचे तर वेल्सला पहिल्याच वर्षी पावणेपाच विजय मिळवून द्यावे लागले असते, म्हणजे गाजलेल्या २०१०पेक्षाही सरस खेळावे लागले असते. सौदा कागदावरच महाग होता.

प्रत्यक्षात काय घडले? २०११मध्ये वेल्सने २५ होमरन मारले. तेवढ्यापुरता अंदाज बरोबर ठरला. परंतु त्याची फलंदाजीची सरासरी, म्हणजे एकूण प्रयत्नांत यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.२१८पर्यंत घसरली आणि शंभर वेळा फलंदाजीस उतरून तो जेमतेम पंचवीस वेळा बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोहोचत असे. एवढी पडझड कोणत्याही शहाण्या अंदाजात नव्हती, त्यात दुर्दैवाचाही हात होता असे माझे मत आहे, आणि म्हणून सौद्याचा दोष या हंगामाच्या आकड्यांवरून सिद्ध करू नये. दोष आधीच्या हिशेबात होता.

त्या हिशेबात आणखी एक रकाना रिकामा राहिला होता: दिलेल्या खेळाडूंची किंमत. टोरंटोने नापोलीला काही दिवसांतच टेक्सस रेंजर्सकडे पाठवले. तिथे त्याने ०.३२० सरासरीने ३० होमरन मारले, आणि एंजल्सच्याच गटातल्या त्या संघाने ९६ सामने जिंकून ८६ विजयांच्या एंजल्सला मागे टाकले. शिवाय आउटफिल्डर स्वस्तात घरातच मिळण्यासारखा होता: जुलै २०११मध्ये एंजल्सकडूनच माइक ट्राउट हा एकोणीस वर्षांचा आउटफिल्डर मैदानात उतरला. नवख्या खेळाडूला मिळणाऱ्या किमान वेतनाच्या आसपास खेळून पुढच्या हंगामात तो लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला.

मार्च २०१३मध्ये एंजल्सने वेल्सला न्यूयॉर्क यांकीजकडे धाडले. करारातल्या उरलेल्या ४.२ कोटी डॉलरपैकी सुमारे २.८ कोटी एंजल्सनेच भरायचे ठरले. दुसऱ्याच्या संघात खेळणाऱ्यासाठी एवढे पैसे मोजणे विचित्र दिसते, पण वेल्स कुठेही खेळला तरी ते पैसे गेलेलेच होते. या व्यवहारातून निदान १.४ कोटी वाचले आणि संघातली एक जागा मोकळी झाली.