तीन गोष्टी आहेत म्हणून अँथॉलॉजी? ‘हॉफमन’ आणि ‘आरिया’चा घोळ

परवा एका मित्राने ग्रुपवर टाकलं की ऑपेरावरची अँथॉलॉजी फिल्म (सुट्या गोष्टी एकत्र बांधलेला सिनेमा) बघायची असेल तर ‘द टेल्स ऑफ हॉफमन’ बघा, आणि लगेच खाली दुसरा म्हणाला, हो हो, तीच ना ज्यात फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा जिमवाला तुकडा आहे. दोघंही चुकले, पण वेगवेगळ्या दिशेने. मी तिथेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं जाऊदे, नीट बसूनच लिहू.

घोळ होण्यासारखाच आहे म्हणा. दोन्ही ब्रिटिश सिनेमे, दोन्हीत ऑपेरा, दोन्हीत वेगवेगळे तुकडे, आणि दोन्हीत पडद्यावर चेहरा एकाचा आणि आवाज भलत्याचाच. ‘हॉफमन’ १९५१ चा, मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीचा. ‘आरिया’ १९८७ चा, डॉन बॉइड नावाच्या निर्मात्याने दहा दिग्दर्शक गोळा करून केलेला, त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेतही होता.

आता फरक सांगायचा तर आपल्या संगीत नाटकाचं उदाहरण सोपं पडेल. आपल्याकडे गद्य संवाद चालू असतात आणि मध्येच पद येतं, ऑपेरात बहुतेक वेळा सगळंच गातात, आणि त्यातही एखादं पात्र थांबून चार-पाच मिनिटं आपलं मन मोकळं करतं ती आरिया. म्हणजे साधारण नाट्यपदच. आणि नाट्यपदांचं पुढे जे होतं तेच आरियांचंही झालंय, नाटक कुणी बघितलेलं नसतं, कथा विचारली तर अर्ध्यांना सांगता येणार नाही, पण पद मात्र मैफिलीत, रेडिओवर, गणपतीच्या कार्यक्रमात स्वतंत्र फिरत असतं. तर ‘हॉफमन’ म्हणजे अख्खं नाटक पडद्यावर. आणि ‘आरिया’ म्हणजे दहा जणांना दहा पदं वाटली आणि सांगितलं, नाटक विसरा, तुम्हाला यात काय दिसतं ते काढा. (विसरा म्हटलं तरी काही जण विसरले नाहीत, ती गंमत पुढे आहे.)

‘हॉफमन’मध्ये तीन गोष्टी आहेत हे खरं, पण त्या पॉवेल-प्रेसबर्गरने जमवलेल्या नाहीत, ऑफेनबाख या संगीतकाराच्या मूळ ऑपेरातच त्या तशा आहेत. कवी हॉफमन दारूच्या गुत्त्यात बसून आपल्या तीन फसलेल्या प्रेमांची कहाणी सांगतोय, एक यंत्राची बाहुली ऑलिंपिया, एक व्हेनिसची ज्युलिएटा, एक गायला लागली की जीव जाईल अशी आजारी अँटोनिया. तिन्हीत हॉफमन तोच, आणि तिन्हीत त्याचा घात करणारा खलनायकही तोच. म्हणजे नावं वेगळी, पण चारही खलनायक (चौथा गुत्त्यातला) रॉबर्ट हेल्पमननेच केलेत, आणि तो चेहरा पुन्हा पुन्हा आला की पोटात गोळा येतो, आला हा परत! अँथॉलॉजीत हे होत नाही. तिथे पहिल्या गोष्टीतला माणूस चौथ्या गोष्टीत येत नाही, आणि आलाच तर त्याला काही अर्थ नसतो. त्यामुळे ‘हॉफमन’ ही एकच गोष्ट आहे, तीन खोल्यांचं एक घर म्हणा हवं तर.

आवाजाचं बघायचं तर तिथेही दिसतं तेवढं सारखं नाही. ‘हॉफमन’मध्ये आधी सर थॉमस बीचम या संगीत संचालकाने ऑर्केस्ट्रा घेऊन अख्खा ऑपेरा इंग्रजीत रेकॉर्ड केला आणि मग त्या प्लेबॅकवर शूटिंग झालं. आपल्याला यात काय नवल, आपला जन्मच पार्श्वगायनावर गेलाय, पण ऑपेरावाल्यांना हे भयंकर वाटतं. हॉफमन झालेला रॉबर्ट राउन्सव्हिल आणि अँटोनिया झालेली अ‍ॅन एअर्स हे दोघे स्वतः गायलेत, बाकीच्या मुख्य भूमिकांत नाचणारे आणि अभिनय करणारे वेगळे आणि गाणारे वेगळे. सेटवर आवाज पकडायचाच नाही म्हटल्यावर कॅमेरा मूकपटासारखा मोकळा सुटला.

ऑलिंपियाचा प्रसंग तर जवळून बघण्यासारखा आहे. पिवळ्या पडद्यांच्या त्या जगात मॉइरा शिअरर बाहुली झालीये, ती नाचते, आवाज डोरथी बाँडचा. गाता गाता किल्ली संपते, सूर घसरत घसरत खाली येतो, बाहुली वाकते, मग कुणीतरी धावत जाऊन किल्ली देतं आणि ती पुन्हा ताठ होऊन वरच्या पट्टीत सुरू. हॉफमनच्या डोळ्यावर जादूचा चष्मा असल्यामुळे त्याला ती जिवंत मुलगी वाटते. शेवटी भांडणात तिचे तुकडे होतात, आणि नुसतं मुंडकं पडलेलं असतं, त्याचे डोळे अजून उघडझाप करतायत, गळ्यातून स्प्रिंग बाहेर आलेली. आता विचार करा, यंत्राची बाहुली, तिचा आवाज तिचा नाहीच, आणि ती करणाऱ्या नर्तिकेचाही आवाज तिचा नाही. इथे प्लेबॅक ही नुसती सोय राहिली नाही, गोष्टीतच मुरली. पण हे सगळं ऑफेनबाखच्या गोष्टीच्या आत राहूनच. काटछाट आहे, पण ऑलिंपिया बाहुलीच आहे आणि अँटोनिया गातच मरते.

‘आरिया’त असं काही बंधन नाही. रेकॉर्डिंग बहुतेक आरसीए या रेकॉर्ड कंपनीची, आधीच असलेली, त्यात लिओन्टिन प्राइससारख्या ऑपेरा गायिकांचे आवाज, संवाद जवळजवळ नाहीतच, आणि गाण्याशी तोंड जुळवलंच पाहिजे असंही नाही, काही तुकड्यांत जुळवलंय, काहींत गाणं आपलं वरून येत राहतं.

केन रसेलच्या वाट्याला ‘नेस्सुन दोर्मा’ (म्हणजे ‘कुणीही झोपू नये’) आलं. हे पुच्चिनी या संगीतकाराच्या ‘तुरांदोत’मधलं पद, ऑपेरा त्याच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला आणि १९२६ मध्ये मिलानला रंगमंचावर आला. मूळ प्रसंग असा की राजकन्येचं फर्मान आहे, परक्या राजपुत्राचं नाव कळेपर्यंत शहरात कुणीही झोपायचं नाही, आणि तो राजपुत्र म्हणतोय पहाटे मीच जिंकणार. रसेलकडे राजपुत्र नाही, राजकन्या नाही, शहर नाही. एका तरुणीच्या अंगावर कुणीतरी रत्नं चढवतंय, एखाद्या पूजेसारखं, सगळं चकचकीत, आणि मग हळूहळू कळतं की ती गाडीच्या अपघातातली जखमी आहे, रत्नं म्हणजे जखमा, आणि सजवणारे म्हणजे डॉक्टर. कुणीही झोपू नये, म्हणजे हिने झोपू नये! शेवटचा ‘जिंकेन’चा सूर लागतो तेव्हा ती परत येते. पहिल्यांदा बघताना मला हा शुद्ध भडकपणा वाटला होता, रसेल भडकच आहे, पण अर्थ लागल्यावर मत बदललं. आणि लक्षात घ्या, हे १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या आधीचं आहे, पावारोत्तीच्या आवाजात हे पद जगभर घरोघरी पोचलं ते नंतर.

याच्या उलट गोदार. नाव ऐकून वाटेल हा सगळ्यात जास्त मोडतोड करणार. लुली या संगीतकाराचा ‘आर्मीद’ हा ऑपेरा १६८६ चा, त्यातला प्रसिद्ध प्रसंग म्हणजे आर्मीद झोपलेल्या शत्रूवर, रनोवर, खंजीर उगारून उभी आहे, मारायचंय, पण हात चालत नाही कारण जीव जडलाय. गोदारने काय केलं, जिम घेतली, त्यात पिळदार गडी व्यायाम करतायत आणि साफसफाई करणाऱ्या दोन तरुणी त्यांचं लक्ष वेधायला वाट्टेल ते करतायत, ते ढिम्म, वजनं वर वजनं खाली. मग एकीच्या हातात सुरी येते, ती उगारते, आणि पुन्हा हात चालत नाही. काळ बदलला, कपडे बदलले (किंवा उतरले), पण प्रसंग तंतोतंत तोच! फक्त झोपेच्या जागी डंबेल्स.

निकोलस रोगचं तर आणखीनच. व्हर्दीचा ‘उन बालो इन मास्केरा’ मुळात स्वीडनच्या राजाच्या खुनावर, १७९२ च्या, पण सेन्सॉरने राजाचा खून नको म्हटल्यावर गोष्ट उचलून अमेरिकेतल्या बोस्टनला नेली आणि १८५९ मध्ये ऑपेरा असा रंगमंचावर आला. रोगने ती परत राजाकडे आणली, पण अल्बानियाच्या झोग राजाकडे, ज्याच्यावर १९३१ मध्ये व्हिएन्नात ऑपेरा हाउसबाहेर खरोखर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याने उलट गोळीबार केला. राजाचं काम थेरेसा रसेलने, म्हणजे बाईने केलंय. आणि त्या रात्री झोग आत बसून बघत काय होता, तर ‘पाल्याची’, विदूषकांच्या गोष्टीचा ऑपेरा! याच ‘आरिया’त तुकड्यांना बांधणारा जो धागा आहे, जॉन हर्ट विदूषकाचा रंग चढवतो आणि जुन्या काळातला गायक कारुझोचा आवाज येतो, तोही ‘पाल्याची’मधलाच. मुद्दाम केलं की कसं देव जाणे, मला मात्र ते कळल्यावर उगाचच खूप आनंद झाला.

हा विदूषक सोडला तर ‘आरिया’त काहीच परत येत नाही, आणि खरं सांगायचं तर हा धागा जरा कच्चाच आहे, दोन तुकड्यांमध्ये येतो आणि आपण म्हणतो बरं, पुढे. सगळे तुकडे सारखे चांगलेही नाहीत. ब्रूस बेरेसफर्डचा ब्रुजमधला एकदम पोस्टकार्डासारखा गोड, ज्युलियन टेंपलचा ‘रिगोलेत्तो’ मोटेलमधला फार्स, नवरा-बायको दोघेही एकाच ठिकाणी चोरून गेलेत, हसून सोडून द्यायचा. रॉबर्ट ऑल्टमनने रंगमंच जवळजवळ दाखवलाच नाही, फक्त रामोचा ऑपेरा बघायला आणलेले वेड्यांच्या इस्पितळातले प्रेक्षक दाखवले, कल्पना भारी पण मला लांबली.

डेरेक जार्मनचा तुकडा मात्र मी दोनदा मागे नेऊन बघितला. एक म्हातारी गायिका रंगमंचावर शेवटचं वंदन करतेय, वरून पाकळ्या पडतायत, मधूनमधून घरगुती कॅमेऱ्यावर काढल्यासारखी हलती चित्रं, तरुणपणीची, त्यात टिल्डा स्विंटन. पद ‘लुईझ’ या ऑपेरातलं, एक मुलगी प्रेमात पडल्यापासून आपण किती सुखी आहोत ते सांगतेय. ऑपेरात ते सुख चालू आहे, जार्मनकडे ते कधीचं होऊन गेलंय. स्वर एक नाही बदलला, फक्त गाण्याचा काळ बदलला, आणि हे ‘हॉफमन’ करूच शकला नसता, कारण तिथे अँटोनियाला अँटोनियाच राहावं लागतं.

त्या मित्राला मी एवढंच कळवलं की ‘हॉफमन’ बघायच्या आधी कथा वाच, दहा मिनिटं लागतील, नाहीतर मध्येच कोण कुणाचा शत्रू ते कळणार नाही. ‘आरिया’ आधी तसाच बघ, काही न वाचता, आणि मग ज्या तुकड्याने डोकं खाल्लं तेवढ्याच पदाचा अर्थ शोध. तो म्हणाला जिमवाला कशात आहे ते तरी सांग.