हॅरिएट जेकब्जचं पुस्तक आणि त्यावरचा अविश्वास

‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ हे हॅरिएट जेकब्ज या अमेरिकेतल्या गुलाम बाईनं लिहिलेलं आत्मकथन. १८६१मध्ये ते बॉस्टनला निघालं, तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. आत ती ‘लिंडा ब्रेंट’ आहे आणि तिचा छळ करणारे डॉ. जेम्स नॉरकॉम ‘डॉ. फ्लिंट’. संपादक म्हणून छापलेलं नाव लिडिया मारिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेचं. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

हॅरिएट नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनची. कागदोपत्री तिची मालकी नॉरकॉमच्या लहानग्या मुलीकडे होती, हुकूम बापाचा. ती वयात येताच तो मागे लागला. त्याला दूर ठेवायला तिनं सॅम्युअल सॉयर या गोऱ्या वकिलाशी संबंध जोडला. दोन मुलं झाली, आणि आई गुलाम म्हणून कायद्यानं तीही गुलाम. या प्रकरणापाशी मी फार वेळ अडकले. ती स्वतःचा दोष झाकत नाही. गुलाम बाईला इतर बायकांच्या मापानं मोजू नका, एवढंच वाचणाऱ्यांना सांगते. अब्रूला जीवापाड जपणाऱ्या त्या काळात हे छापायला केवढं धैर्य लागलं असेल!

१८३५मध्ये ती पळाली. नॉरकॉमनं वर्तमानपत्रात शंभर डॉलरचं बक्षीस लावलं. ती मात्र गावातच होती, स्वतंत्र झालेल्या आजीच्या घरी, छपराखाली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंची कुठेही तीन फुटांपेक्षा जास्त नाही. तिथे तिनं जवळजवळ सात वर्षं काढली. गिरमिटानं पाडलेल्या भोकांतून मुलं दिसायची, पण हाक मारायची सोय नव्हती. १८४२मध्ये ती जहाजानं फिलाडेल्फियाला निसटली. कायद्यानं मात्र ती अजून गुलामच होती. १८५२मध्ये ती जिथे मुलं सांभाळायचं काम करायची त्या घरच्या बाईंनी, कॉर्नेलिया विलिस यांनी, तीनशे डॉलर देऊन तिला सोडवलं. स्वातंत्र्याचा आनंद झाला तरी आपली विक्री झाली, हे तिला सलत राहिलं.

पुढे कित्येक अभ्यासकांनी हे पुस्तक कादंबरीच धरलं, काहींनी तर चाइल्डचीच. जॉन ब्लासिंगेमसारख्या नावाजलेल्या इतिहासकारालाही १९७२मध्ये ते खरं वाटलं नाही. याचा मला मनापासून संताप येतो. अखेर जीन फॅगन येलिन यांनी हॅरिएटनं एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं आणि इतर कागद जुळवून सगळं सिद्ध केलं. त्यांची सटीप आवृत्ती १९८७मध्ये आली. दिवसा विलिसांची मुलं सांभाळायची आणि रात्री लिहायचं, असं हे पुस्तक तयार होत होतं, हेही त्या पत्रांतूनच कळतं.