वंशभेद सोसणारा कर्मचारी आणि त्याचा मॅनेजर : पार्श्वभूमी

हाताखालच्या माणसाला वंशभेदाचा त्रास झाला तर मॅनेजरने त्याच्या पाठीशी उभं राहावं, ही अपेक्षा ब्रिटनमध्ये रुजायला काही दशकं लागली. सुरुवातीला तर मॅनेजरच दार अडवून उभे होते.

1963 साली ब्रिस्टलच्या बस कंपनीने गाय बेली या तरुणाची मुलाखत तो कृष्णवर्णीय आहे हे कळताच रद्द केली. अशांना घेतलं तर गोरे कर्मचारी निघून जातील, असं मुख्य व्यवस्थापकाने उघड सांगितलं. कृष्णवर्णीय युवा कार्यकर्ते पॉल स्टीफन्सन यांच्या पुढाकाराने बसवर बहिष्कार पडला. 28 ऑगस्टला कंपनी नमली आणि सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग कंडक्टर म्हणून रुजू झाले. तरीही 1965 च्या वंशसंबंध कायद्यात नोकरीचा विषय नव्हता, तो 1968 मध्ये आला. 1976 च्या कायद्याने पीडिताला थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, म्हणजे नोकरीतले वाद ऐकणाऱ्या न्यायमंडळाकडे, जाता येऊ लागलं. तक्रार केली म्हणून डूख धरून त्रास देणंही बेकायदा ठरलं. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण अपमान गिळून गप्प बसणाऱ्याला अनेकदा पुढच्या सूडाचीच धास्ती असते.

पण आत घेतलेल्या माणसाचा सहकाऱ्यांनीच छळ केला तर जबाबदार कोण? एका पादत्राणांच्या कारखान्यात 16 वर्षांच्या मिश्रवंशीय मुलाला तापलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने चटका दिला गेला, त्याच्या डोक्यावर धातूचे बोल्ट फेकले गेले. महिनाभरात त्याने नोकरी सोडली. असलं कृत्य कामाचा भाग नाही, म्हणून आम्ही जबाबदार नाही, हा मालकाचा युक्तिवाद एका अपिलात टिकलाही! तसं असतं तर छळ जितका अमानुष, तितकी मालकाची सुटका सोपी. 1996 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फेटाळला. छळ रोखण्यासाठी वाजवीपणे शक्य ते सगळं केलं होतं हे दाखवता आलं तरच सुटका, हे कायद्यातलं कलम तेव्हापासून खऱ्या अर्थाने जागं झालं. 2010 च्या समता कायद्यातही ते आहे.

स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या 1993 मधल्या वंशद्वेषी खुनाच्या तपासावरचा मॅकफर्सन अहवाल 1999 मध्ये आला. तो पोलिसांविषयी होता, पण ‘संस्थात्मक वंशभेद’ (संस्थेच्या कामाच्या रीतींतच मुरलेला भेदभाव) हा शब्द त्याने घराघरात नेला. पीडिताला किंवा इतर कुणालाही घटना वंशभेदी वाटली, तर तिची नोंद तशीच व्हावी, असंही त्याने सुचवलं. म्हणजे आधी ऐकायचं, नोंदवायचं आणि मग तपासायचं.

2015 पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत वंशसमतेचे नऊ निकष मोजले जातात. त्यांतल्या एकासाठी कर्मचाऱ्यांना थेट विचारतात : तुमच्या मॅनेजरकडून किंवा सहकाऱ्यांकडून तुम्हाला भेदभाव सोसावा लागला का?