नजर तिथेच, लक्ष भलतीकडे

संध्याकाळची खच्चून भरलेली लोकल. तुमची नजर मोबाइलवर, पण लक्ष सगळं खिडकीजवळच्या माणसाकडे. त्यानं मांडीवरची बॅग जराशी सावरली, तरी तुम्हाला कळतं. बुबुळं तसूभरही हललेली नसतात.

डोळा म्हणजे कॅमेरा, आधी अख्खं चित्र मेंदूत उमटतं आणि मग मन त्यातलं हवं ते निवडतं, असा आपला समज असतो. पण निवड इतका वेळ थांबत नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं अंधाऱ्या पेटीत अक्षरांचा कागद ठेवला, नजर एका ठिपक्यावर रोखली आणि लक्ष मनातल्या मनात एका कोपऱ्याकडे वळवलं. ठिणगीचा क्षणभर उजेड पडला. डोळे हलवायला वेळच नव्हता, तरी नेमकी त्या कोपऱ्यातली अक्षरं वाचता आली.

असं का होतं, याचा छडा पुढे स्टीव्हन हिलयार्ड यांच्यासारख्या संशोधकांनी मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोपीनं लावला. नजर मधल्या फुलीवर, लक्ष कधी डावीकडे, कधी उजवीकडे. प्रकाश तोच, दृष्टिपटलावरची जागाही तीच. तरीही लक्ष असलेल्या बाजूला काही चमकलं की सुमारे १०० मिलिसेकंदांनी उठणारी 'पी-१' ही विद्युतलहर जास्त उंच येते. सेकंदाचा दहावा भाग! 'काय दिसलं' हे तोवर आपल्याला उमगलेलंही नसतं.

मला खरी मोहिनी आहे ती तिच्याही आधीच्या 'सी-१' लहरीची. डोक्याच्या मागच्या भागात 'व्ही-१' हे दृष्टीचं पहिलं ठाणं एका खोल घडीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. नजरेच्या वरच्या भागातलं दृश्य घडीच्या खालच्या काठावर पोचतं, खालचं वरच्या काठावर. दोन्ही काठांची तोंडं एकमेकांसमोर. त्यामुळे वस्तू वर दाखवली तर सी-१ ऋण येते, खाली दाखवली तर धन. लहरीचा उगम व्ही-१मध्येच आहे, हे या उलटापालटीवरून ओळखता येतं.

आणि बहुतेक प्रयोगांत लक्षामुळे ही सी-१ बदलत नाही! मात्र मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून त्याचं काम मोजणाऱ्या एफएमआरआय स्कॅनमध्ये त्याच व्ही-१ची सक्रियता वाढलेली दिसते. १९९९ साली दोन्ही मोजमापं एकत्र करून मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा सुचवला: संदेश आधी पुढच्या ठाण्यांकडे जातो, तिथे लक्षाचा जोर चढतो आणि तो नंतर व्ही-१कडे परततो. काही प्रयोगशाळांना सी-१मध्येही फरक आढळला आहे, त्यामुळे वाद मिटलेला नाही. माझा कल परतीच्या वाटेकडे आहे.

या साऱ्यात एक गोष्ट पक्की आहे. लक्ष आलेल्या संदेशाला उठाव देतं, पण आधी प्रकाश डोळ्यात शिरावा लागतो. म्हणूनच 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना 'वाचायला' लावणाऱ्या वर्गांत पालकांनी पैसे घालवावेत, याची चीड येते. पट्टीखाली नाकालगत फट राहते आणि मूल तिथून बघतं. ती फट नीट बुजवली की वाचन थांबतं.